भोईरकाकांची आग

भोईरकाका कुणाच्याही घरी गेले की चपला काढायच्या आधी विचारतात, "मागचं दार कुठंय?" पाणी, चहा, ख्यालीखुशाली सगळं नंतर. पुतण्यासाठी मुलगी बघायला पेणला गेले, तिथेही मुलीच्या वडिलांना पहिला प्रश्न हाच. ते बिचारे हबकले. नवरामुलगा बघायला आलाय की पळायला, तेच त्यांना कळेना. वर काका म्हणाले, "दार एकच हाय. सोयरीक चांगली, घर धोक्याचं." लग्न जमलं, पण त्याआधी मुलीकडच्यांनी परसात उघडणारं दार करून घेतलं.

काका धाटावला एका कंपनीत फायरमन होते. आता रिटायर होऊन रोह्यात आमच्या बालवाडीला लागूनच राहतात. सत्यनारायणाला बोलावलं तर वाळूची बादली घेऊन येतात आणि भटजींच्या शेजारी ठेवतात. पंगतीत बसण्याआधी चिमूटभर माती वरून सोडून वारा बघतात. कुणी हसलं तर एकच ठरलेलं: "हस, हस. हसताना दार बघून ठेव."

मी बालवाडीची बाई. धरमतरच्या खाडीकाठी आमची मिठाची कामं. त्या घरातली मी पहिली बी.ए. हे मी सांगते, कारण त्याचा मला अभिमान आहे, आणि तो अभिमान त्या दिवशी माझ्या कामी आला नाही.

"आपले मदतनीस" हा पाठ चालू होता. पोस्टमन झाला, डॉक्टरीण झाली, आता अग्निशामक. खोक्याला लाल कागद चिकटवून मी बंब केला. बादलीत निळ्या कागदाच्या पट्ट्या, ते पाणी. मुलांना सांगितलं, काकांनी हाक मारली की बाहेर जांभळाखाली जमायचं. सोपा खेळ. खरा फायरमन शेजारीच राहत असताना दुसऱ्या कुणाला कशाला बोलवायचं?

काका आले ते अंगात जाड कोट, डोक्यावर हेल्मेट आणि तोंडावर मास्क लावून. मास्कला सोंडेसारखी नळी, आतून श्वास घूऽऽ, खर्र. दारात उभे राहून ओरडले, "आग! चला भायेर!"

"बाई, हत्ती!" एकाने किंकाळी फोडली आणि सगळी मुलं दुसऱ्या दाराने बाहेर. (ते दार काकांनीच पंचायतीच्या मागे लागून करून घेतलेलं.) बंब तुडवला गेला, पाणी वर्गभर उडालं. मला हसू आवरेना. जांभळाखाली काकांनी मुलं मोजली. पुन्हा मोजली.

"बाई, पटावर किती?"

"एकवीस."

"ही वीस हायती."

माझं हसू तिथेच थांबलं. चार वर्षांची स्वरा नव्हती. आई कंपनीत शिफ्टला, बाप खांब गावातल्या गॅरेजात. मी संडासात बघितलं, ओट्याखाली बघितलं, फाटकापाशी पळत गेले. बाहेर रस्ता, त्यावर कंपनीच्या बसगाड्या. हाका मारून घसा बसला. काका पळाले नाहीत. ते आत गेले आणि जमिनीलगत वाकून एकेक कोपरा हाताने चाचपत निघाले. कोठीच्या खोलीत, खिचडीच्या तांदळाच्या पोत्यांमागे त्यांना फ्रॉकचं टोक लागलं. स्वरा तोंडावर हात दाबून बसली होती. काकांनी हात पुढे केला तशी ती आणखी मागे सरकली.

शेवटी मीच तिला ओढून काढलं. तिने माझ्या साडीत तोंड खुपसलं.

"चार मिन्टं लागली," काका घड्याळ बघत म्हणाले. "धूर असता तर?"

"अहो काका, खेळ होता हा!" मी चिडले. "मुलगी घाबरून अर्धी झाली. उद्यापासून येऊ नका तुम्ही."

काकांनी मास्क काढला. चेहरा घामाने निथळत होता.

"आमच्या तिथं लेबर लायनीत झोपडी पेटलेली, बाई. पोरगं खाटंखाली. मी हात घातला तर माझा हा अवतार बघून भिंतीकडं सरकलं. मी पुढं, ते मागं."

"मग?"

"काडलं." हेल्मेटचा पट्टा ते उगाच सोडत-लावत राहिले. "पन टायमात नाय."

कॉलेजात मला पुष्कळ शिकवलं होतं. यावर काय बोलायचं ते नव्हतं शिकवलं. मी एवढंच म्हटलं, "उद्या दहाला या. खिचडीच्या आधी."

दुसऱ्या दिवशी काका साध्या सदऱ्यात ओट्यावर बसले. हेल्मेट घातलं. "मी कोन?"

"भोईरकाकाऽ!"

कोट घातला. "आता कोन?" मग मास्क. "घूऽऽ! आता?"

"भोईरकाकाऽ!" मुलं मास्कच्या काचेला नाक लावून आत बघायची, नळी ओढायची. हत्ती म्हणणारा तर त्यांच्या मांडीवरून उठेना. स्वरा मात्र माझ्या पदराआडून बघायची, आणि "आग!" ऐकलं की पुन्हा पोत्यांमागे. रोज. काका दारात जाऊन हाक मारायचे, वाट बघायचे. ती आली नाही तर मला बोलवायचे. स्वतः त्यांनी तिला कधी ओढलं नाही.

"पुरे करू या का, काका?" मी एकदा विचारलं.

"खरी आग ऐकंल का तुमचं, पुरे म्हनून?"

दुसऱ्या आठवड्यातला गुरुवार. वीस मुलं जांभळाखाली. काका कोठीच्या दारात पोटावर आडवे झाले, मास्कसकट. "ये गो बाय," एवढंच म्हणाले. मी भिंतीला टेकून उभी. श्वासाची घरघर तेवढी ऐकू येत होती. बराच वेळ काही हललं नाही.

मग एक पोतं सरकलं. स्वरा रांगत पुढे आली, थबकली, बोटाने काचेवर टकटक केलं.

"भोईरकाका?"

"व्हय गो."

तिने त्यांचा अंगठा धरला. दोघं बाहेर आली आणि मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला. काका जांभळाखाली थांबले नाहीत. मैदान ओलांडून, पार शेताच्या बांधापर्यंत तिला घेऊन गेले. तिथे त्यांनी मास्क काढला आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. स्वरा अंगठा न सोडता वर बघत होती.

मी मुलांना टाळ्या थांबवायला सांगितलं.