सगळ्यात सावकाश दारू

एका जंगलात एक बंदूक राहत होती. हो, राहतच होती. तिचा मालक शिकारी आग्यामोहोळाच्या तावडीत सापडला आणि पळाला तो थेट आपल्या गावात जाऊन थांबला. बंदूक मागे राहिली. सोबत भरलेल्या काडतुसांची एक पिशवीही राहिली.

आता एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, मुलांनो. काडतुसात दारू असते. ती दारू नव्हे, बंदुकीची दारू. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण हा शब्द पुढे पुष्कळदा येणार आहे आणि मी दर वेळी थांबणार नाही. झालं हसून? बरं.

बंदूक सापडली झिपरूअण्णा अस्वलांना. अण्णा स्वभावाने चांगले होते. त्यांना फक्त छंद फार होते.

अण्णांच्या शेजारी साळूताई राहायची. साळूताई म्हणजे साळिंदर. पाठीवर वीतवीतभर काटे, पदरात चार पोरं आणि ओढ्याकाठी रताळ्यांचे बारा वरंबे. त्या बारा वरंब्यांवर पोरांचा अख्खा उन्हाळा निघायचा. रताळी गेली तर पोरं उपाशी, एवढा सरळ हिशेब होता. आणि ओढ्याच्या पलीकडे रानडुकरांचा कळप राहायचा. त्यांचे पुढारी होते मुसंडेराव.

पूर्वी साळूताई मळ्याची राखण स्वतःच करायची. डुक्कर आलं की ती त्याच्याकडे पाठ फिरवायची, काटे फुलवायची आणि उलट्या पावली त्याच्या अंगावर धावून जायची. साळिंदर लांबून काटे फेकतं असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल, तर त्याने थाप मारली. त्याला अगदी जवळच जावं लागतं.

बंदूक आल्यावर अण्णा म्हणाले, "साळूताई, हे काटेबिटे आता सोडा. डुकराच्या इतकं जवळ जायचं म्हणजे काय! बंदूक कशी, लांबून काम करते. आणि ते काटे जरा अंगालगत पाडून बसत चला. शेजारी बसणाऱ्याला टोचतात."

साळूताईने काटे पाडले. आणि खोटं कशाला बोलू, बंदुकीने काम केलंही. रोज तिन्हीसांजेला अण्णा बांधावर उभे राहून आभाळात एक बार काढायचे. धडाड्! की पलीकडची डुकरं शेपट्या वर करून पळत सुटायची. साळूताई अण्णांना चार भाजलेली रताळी द्यायची, अण्णा ती सालासकट खायचे.

मग एक दिवस भरलेली काडतुसं संपली.

"काळजी नको," अण्णा म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. "रिकामं काडतूस वाया जात नाही. ठिणगी पाडणारी नवी टोपी, नवी दारू, नवी गोळी घातली की ते पुन्हा नवं. आपण घरीच भरू."

घरी काडतुसं भरणं हा छंद कसा असतो, ते तुम्हाला माहीत नाही. तुमच्या घरी कुणाला गाडीच्या मायलेजचा छंद असेल, तर थोडा अंदाज येईल. अण्णांनी सोनाराचा काटा मिळवला. चिमटा मिळवला. डोळ्याला लावायचं भिंग मिळवलं. दारूचे तीन डबे हुप्पेसरांनी आणून दिले. हुप्पेसर हे वानर. डबे कुठून आणले असं विचारलं की ते फांदी बदलायचे.

एक डबा लाल, एक निळा, एक गंजका.

"तिन्ही सावकाश जळणाऱ्या," हुप्पेसर म्हणाले.

"सावकाश कशाला?" साळूताईने विचारलं. "मला डुकरं लवकर पळायला हवीत."

"अहो ताई," अण्णा म्हणाले, "आपली नळी लांब, गोळी जड. दारू एकदम भडकली तर नळीच फुटायची, माझ्यासकट. सावकाश जळणारी दारू गोळीला दमादमाने रेटत नेते."

हे मात्र खरं होतं. कुठल्याही विषयातलं पहिलं वाक्य अण्णांना बरोबर माहीत असायचं.

"मग घाला यातली कुठलीतरी," साळूताई म्हणाली. "रताळी काढायला अजून आठ-दहा दिवस आहेत. डुकरं ओढ्यापर्यंत आलीत, अण्णा. काल मी मोजली."

"कुठलीतरी?" अण्णांना धक्काच बसला. "आधी तुलना नको?"

दुसऱ्या दिवशी वडाच्या बुंध्यावर पाटी लागली, 'आज दारूची तुलना. सर्वांनी अगत्य यावे.' चाळीस जनावरं आली. काहींनी येताना द्रोण आणले होते, तरसाने तर शेंगदाणे आणले होते. कुठली दारू ते कळल्यावर एकोणचाळीस जण शिव्या देत परत गेले. चाळिसावे ढालेकाका कासव. त्यांनाही परतच जायचं होतं, पण त्यांचं अजून वळून व्हायचं होतं.

"थांबा काका!" हुप्पेसर ओरडले. "सावकाश या विषयात तुमच्याएवढा जाणकार कोण आहे?"

ढालेकाकांना दारूतलं काहीच कळत नव्हतं. पण जाणकार म्हटल्यावर कोण नाही म्हणतं? ते थांबले. म्हणजे वळायचे थांबले.

पहिली चाचणी कातळावर झाली. लाल डब्यातली चिमूटभर दारू ठेवली आणि पेटवली. फुस्स. ढालेकाकांनी नेमकी तेव्हा पापणी मिटली होती. त्यांनी ती उघडली तेव्हा कातळावर नुसता काळा डाग होता.

"हे माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं नाही," काका म्हणाले. "मी मत देणार नाही."

निळ्या डब्याचंही तेच झालं. गंजक्या डब्यातली चिमूट मात्र दोनदा विझली. ती ओल धरून बसली होती, पण हे बोलून दाखवणं अडाणीपणाचं ठरलं असतं. हुप्पेसर म्हणाले, "वा! काय संयम आहे!"

अण्णांनी मान हलवली. "उघड्यावर जळणं वेगळं आणि नळीत जळणं वेगळं. खरी तुलना बार काढूनच होणार."

"चला!" साळूताईला हायसं वाटलं. "काढा बार. डुकरं समोरच आहेत."

"पण बार कसा झाला हे सांगणार कोण? आपण बंदुकीच्या मागे असतो, ताई. पुढून काय वाटतं ते आपल्याला काय कळणार? ज्याला बारांचा अनुभव आहे असा कुणीतरी तटस्थ माणूस हवा."

आता तुम्ही कपाळाला हात लावाल. लावा. त्यांनी मुसंडेरावांना बोलावलं.

मुसंडेराव आले ते पुढच्या वाटेने, ओढा ओलांडून, सगळ्यांच्या नमस्काराचा स्वीकार करत. त्यांच्या गळ्यात रानशेवंतीची माळ घातली गेली. त्यांनी बंदुकीकडे पाहिलं, तीन डब्यांकडे पाहिलं, आणि रताळ्यांच्या बारा वरंब्यांकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"मी मत देईन," ते म्हणाले. "पण चाचणी प्रत्यक्ष परिस्थितीत व्हायला हवी. म्हणजे मी मळ्यात असताना. आणि रिकाम्या पोटी मला चांगलं-वाईट कळत नाही."

"हे शास्त्राला धरून आहे," ढालेकाका म्हणाले.

"अण्णा!" साळूताई ओरडली. "तो चोर आहे! त्याला आत कसलं घेताय?"

"ताई, काटे पाडा. पाहुण्यांसमोर शोभत नाही."

लाल डब्याचा बार आभाळात निघाला. धडाड्! मुसंडेराव हातभर उडाले, पुन्हा खाली बसले आणि म्हणाले, "आवाज भारदस्त. पण दचकायला होतं. दचकलेला माणूस खरं मत कसं देणार? जरा सावकाश हवी." एवढं बोलेपर्यंत दोन वरंबे संपले होते.

निळ्या डब्याचा बार थोडा मऊ निघाला. "छान," मुसंडेराव म्हणाले. "मघापेक्षा बरी. पण अजून घाईच आहे हो तिला." आणखी दोन वरंबे गेले. साळूताई बांधावर उभी राहून मोजत होती. आठ उरले.

मग गंजका डबा आला. अण्णांनी एकेक दाणा चिमट्याने उचलला, काट्यावर तोलला, भिंगातून पाहिला आणि काडतुसात घातला. बंदूक दोन दगडांवर नीट टेकवली, पुढून नीट कळावं म्हणून या वेळी नळी थेट मुसंडेरावांकडे केली आणि घोडा ओढला.

टिक्.

सगळे थांबले. काहीच झालं नाही. अजून थोडं थांबले. तरी काही झालं नाही.

"फुसका निघाला," साळूताई म्हणाली.

"श्श!" हुप्पेसर कुजबुजले. "जळतेय."

"आहाहा!" मुसंडेरावांनी रताळ्याने भरलेल्या तोंडाने डोळे मिटले. "हिला म्हणतात सावकाश. नाहीतर ती लाल. मंडळी, निकाल लागेपर्यंत मी जागचा हलणार नाही. कर्तव्य आहे ते माझं."

आणि ते हलले नाहीत. पहिल्या दिवशी दोन वरंबे, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी दोन. अण्णा बंदुकीला कान लावून बसले होते. हुप्पेसर दर तासाला 'अद्याप जळत आहे' असं पानावर लिहीत होते. ढालेकाका पापणी मिटू नये म्हणून इतके जपत होते की त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

साळूताई तीन दिवस सगळ्यांच्या पाया पडली. "अहो, माझ्या पोरांनी काय खायचं? सावकाश खायचं?"

"निकाल येऊ द्या," अण्णा म्हणाले. ते मनापासून म्हणत होते, हेच वाईट होतं.

चौथ्या दिवशी सकाळी दोन वरंबे उरले. मुसंडेरावांनी ढेकर दिली आणि अकराव्या वरंब्याकडे मोर्चा वळवला. तर त्या वरंब्यावर साळूताईची धाकटी पोर आडवी झोपली होती. तिचे काटे अजून बोटभरसुद्धा नव्हते.

"हा आमचा आहे," ती म्हणाली.

"सरक गं, पोरी. काम चालू आहे," असं म्हणत मुसंडेरावांनी तिला नाकाने ढकललं. ती गडगडत सरीत गेली.

साळूताईच्या अंगाचा तिळपापड झाला. इतके दिवस पाडून ठेवलेले काटे खडखडखड करत एकदम उभे राहिले. तिने पाठ फिरवली, मान खाली घातली आणि उलट्या पावली सुटली ती थेट मुसंडेरावांच्या पार्श्वभागावर जाऊन आदळली.

आता मुसंडेराव जे किंचाळले ते मी करून दाखवणार नाही, शेजारी लोक राहतात. ते वाटेतले दोन दगड, बंदूक आणि ढालेकाका यांच्यावरून उड्या मारत ओढ्यात पडले, पलीकडे निघाले आणि दिसेनासे झाले. ढालेकाकांनी भीतीने डोळे घट्ट मिटून घेतले होते. हुप्पेसर झाडाच्या शेंड्यावर पानात डोकं घालून लिहीत होते. अण्णांचा कान बंदुकीवर आणि पाठ मळ्याकडे होती.

साळूताई पोरीच्या अंगावरची माती झटकत होती आणि रडत होती.

अण्णा हळूच वळले. त्यांनी रिकामी जागा पाहिली. "गेले?"

"गेले," हुप्पेसर वरून म्हणाले.

"नळी त्यांच्याकडेच होती ना?"

"अगदी त्यांच्याकडेच."

"म्हणजे निघाला!" अण्णांनी टाळ्या वाजवल्या. "तीन दिवसांनी का होईना, बार निघाला!"

"मला तरी दुसरं काही दिसलं नाही," ढालेकाका म्हणाले.

साळूताईने तोंड उघडलं. सगळं सांगणारच होती ती. तेवढ्यात ओढ्यापलीकडून एक कोल्हा मुसंडेरावांचा लेखी अभिप्राय घेऊन आला. मुसंडेराव स्वतः येऊ शकत नव्हते, त्यांना बसता येत नव्हतं. आणि एका साळिंदरणीला भिऊन आपण पळालो हे कळपाला सांगणं तर त्यांना त्याहून जड होतं. त्यांनी लिहिलं होतं:

'गंजक्या डब्यातली दारू सर्वश्रेष्ठ. तीन दिवस काहीच कळत नाही. मग मागून येते आणि एकशे सात ठिकाणी लागते. कळपाला सक्त सूचना दिली आहे, की जिथे ही दारू आहे त्या मळ्याकडे कुणीही फिरकू नये.'

साळूताईने शेवटची ओळ पुन्हा एकदा वाचली. मग पोरांकडे पाहिलं, उरलेल्या दोन वरंब्यांकडे पाहिलं, आणि उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

"काय ताई," अण्णांनी विचारलं, "पटली की नाही आमची तुलना?"

"पटली हो, अण्णा," ती म्हणाली. "बंदूक राहू द्या इथेच. डबाही राहू द्या." आणि ती रताळी काढायला वाकली. दोनच वरंबे होते, रानातल्या कंदमुळांची जोड देऊन उन्हाळा निम्म्या पोटाने काढावा लागला. पण तो काढला पोरांनी, आणि त्या मळ्यात पुन्हा डुक्कर आलं नाही. साळूताईने काटे मात्र त्यानंतर पाडले नाहीत. शेजारी बसणाऱ्यांना टोचायचे, मग ते लांब बसायचे.

बंदूक अजून त्या दोन दगडांवर आहे. पहिला बार निघाला तरी आत थोडी दारू जळायची शिल्लक असणार, असं ढालेकाकांचं मत आहे. ते अजून तिथेच आहेत. त्यांचं वळणं चालू आहे.

तात्पर्य : 'आपलं रक्षण आपणच करावं,' असं कुणी वहीत लिहिलं असेल तर खोडा. डुकराला पळवायला काटे पुरतात. पण त्याने परत येऊ नये असं वाटत असेल, तर त्याला दारूनेच पळवलं असं सगळ्यांबरोबर आपणही म्हणावं.