गंगानानांची शेणपारख

गंगानानांना नुसतं शेण दाखवा, म्हैस कुणाची ते सांगतील. थट्टा नव्हे. लासूर स्टेशनजवळच्या आमच्या गावानं हे डोळ्यांनी बघितलंय. एकदा शेणाची पाटी नाकाशी धरून म्हणाले, "ही भीमाबाईची चंद्री. काल सरकी खाल्लीय. मायला, चैन हाय जनावराची!" सरकी खरंच खाल्ली होती, पण शेजाऱ्याची. तीन दिवस भांडण पुरलं.

गावानं मिळून गोबरगॅस बांधला, घरोघर नळी नेली आणि नाना आपणहून त्याचे कारभारी झाले. सकाळी घरोघरचं शेण गोळा करायचं, संध्याकाळी घरोघरचा जाळ तपासायचा. तपासायचा म्हणजे चहा टाकायला लावायचा आणि पिऊन बघायचा. "जाळाची परीक्षा चहात," म्हणायचे. अकरा घरं, अकरा चहा. माणूस झोपत कधी होता, देव जाणे.

दुष्काळात जनावरं चारा छावणीला गेली आणि जाळ काडेपेटीच्या काडीएवढा झाला. लोक म्हणाले, बंद करा, सिलिंडर आणू. नाना खवळले. मला माझ्या टेम्पोसकट छावणीवर नेलं आणि तिथल्या मुकादमाला भिडले, "जनावर तुमच्या दावणीला असंल, शेण आमच्या गावचं हाय!"

मुकादमानं हात जोडले. "बाबा, सगळंच घेऊन जा."

"नाय! परगावचं नको."

भर उन्हात बसून या गृहस्थानं आपल्या गावचं तेवढं निवडून घेतलं. अशा खेपा महिनाभर चालल्या. वाटेत शहरातल्या क्रांती चौकात माझा टेम्पो थांबला की शेजारची माणसं सिग्नल तोडून पळायची. पण जाळ पुन्हा उभा राहिला.

सगळ्यांच्या शेगड्या पेटल्या, म्हणून एकदा नानांचीही बघावी म्हटलं. घरात शिरलो तर शेगडीवर नवेपणीचा प्लास्टिकचा कागद तसाच. नानांची बायको, आमच्या काकू, जाऊन चार वर्षं झालेली.

"नाना, हे काय?"

"एकट्याचा चहा घशाखाली उतरत नाय रे." मग दाराकडं बघत म्हणाले, "गॅस बंद पडला असता, तर कुणाच्या घरी काय म्हणून गेलो असतो मी?"

घरी येऊन आईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारीच ती दारातून ओरडली, "अवो नाना, जाळ लई बारीक झालाय. बघा की जरा येऊन!"

मी आत डोकावलो. शेगडी ढणाढणा पेटली होती. आई लगबगीनं आली आणि तोटी फिरवून जाळ बारीक करायला लागली.