जांभळ्या बाटलीची मोहीम

ज्या साली आत्याबाईंच्या बंधूंचे दोन्ही गुडघे बदलले आणि ते तिसऱ्या महिन्यात विनाकाठी जिना उतरले, त्या साली जे जाहले ते यथास्थित लिहिले आहे. वाचणारांनी हसू आवरून वाचावे.

त्या आनंदात बंधूंनी फर्मान काढिले की रविवारी दहा वाजता फोटोग्राफर येईल, समस्त कुटुंबाने हजर राहावे. हे ऐकून त्यांच्या थोरल्या भगिनी, टोमण्यांच्या सरसेनापती आत्याबाई, चिंतेत पडल्या. वय अठ्ठ्याहत्तर, पुढे भिंतीवर लागणार तो फोटो हाच, हे त्या मनी जाणून होत्या, आणि माथ्यावरचे पांढरे केस तों जुन्या वर्तमानपत्रासारखे पिवळे पडलेले.

बंधूंची कन्या सलूनमध्ये कामास, तिने केस सोनेरी केले होते. सोनेरीत पिवळेपणा शिरू नये म्हणून ती दर शनिवारी जांभळा शाम्पू लावी. त्यावर आत्याबाईंनी दोन वर्षे तोफ चालविली होती, भाचीस 'मक्याचं कणीस' ऐसा किताब बहाल केला होता, आणि जांभळ्याने पिवळे जाते तर निळ्याने अक्कल येते काय, ऐसा सवाल भर जेवणात टाकिला होता. सबब बाटली मागणे म्हणजे शरणचिठ्ठी लिहून देणे. मग शनिवारी दुपारी, भाची कामावर गेलीसे पाहून, आत्याबाईंनी न्हाणीघरावर छापा घातला आणि बाटली हस्तगत केली.

बाटलीवर लिहिले होते, तीन मिनिटे ठेवावे. चाळीस वर्षे कलप लावून सोडलेल्या आत्याबाईंनी ताडिले की ही कंपनीची चलाखी, एका दमात काम जाहले तर दुसरी बाटली कोण घेईल. आणि सगळी बाटली डोकीवर रिचवून, फडके बांधून, दीड तास मटार सोलीत बसल्या. फडके सोडिले तों आरशात साक्षात वांगे. मग पाच वेळा साबण जाहला, वांगे ढळले नाही. बंधूंनी पाहिले आणि जिना परत चढले, विनाकाठी.

सायंकाळी भाची सारी हकीकत ऐकून दारात उभी राहिली. आत्याबाई म्हणाल्या, "हस. एकदाच काय ते हसून घे, मग बघ काही होतंय का."

भाची हसली नाही. "दीड तास? अगं आत्या, शाम्पू आहे तो, मुरायला ठेवायचा नसतो."

आणि तिने आत्याबाईंस स्टुलावर बसवून, मान हाताने तोलून, साध्या शाम्पूची व कोमट पाण्याची धुणी काढिली. चौथ्या धुण्यास जांभळे हटले आणि खाली चांदी निघाली. बाटली मात्र रिकामी, दुकाने बंद, आणि भाचीचे केस तैसेच.

"आणि तुझं गं?"

"माझं काय, मी कणीसच."

रविवारी दहा वाजता मोहीम फत्ते जाहली. फोटोत आत्याबाई चांदीच्या, खेटून भाची पिवळीधमक. तहात आत्याबाईंनी इतकेच कबूल केले की बाटली बरी आहे, वास फार.

मग त्या फोटोतून त्यांनी आपला चेहरा स्वतःच कापून मोठा करविला. कडेस भाचीच्या पिवळ्या बटा आल्या होत्या. फोटोग्राफर त्या पुसून देत होता, तों हुकूम सुटला की हात लावू नये. त्या बटा आजही भिंतीवर आहेत.

आत्याबाई पुढल्या वर्षी फेब्रुवारीच्या नऊ तारखेस सकाळी वारल्या.