बोटभर अंतर

दिल्लीच्या मेट्रोचा नकाशा सूर्यभान आबांनी श्रीरामपुरातून रंगीत छापून आणला, तो चांगला सतरंजीएवढा. दुकानदार म्हणाला, "आबा, मोबाईलमध्ये असतो की हा. एवढा मोठा कशाला?"

"मोबाईलवर दोरा लावता येतो व्हय?" आबांनी विचारलं. दुकानदारानं नकाशाची गुंडाळी करून हातात दिली.

देवळालीच्या पंचक्रोशीत बांधाचं भांडण झालं की लोक मोजणी कार्यालयाच्या आधी सूर्यभान मुसमाड्यांच्या ओट्यावर यायचे. आबा गाव नकाशा पसरायचे, त्यावर दोरा लावायचे, मग तोच दोरा बोटांवर मोजून कोणाचा बांध कोणाच्या रानात किती घुसला ते सांगायचे. आबांचा शब्द लोक मानत. एकटे शेजारचे कानिफनाथ मानत नव्हते, कारण आबांनी स्वतःच्याच बांधाची मोजणीही स्वतःच केली होती.

या मोजण्यांपायी एक गोष्ट मात्र कायमची राहून गेली होती. मुलगी ज्ञानेश्वरी शाळेत पहिली आली तेव्हा बक्षीस घ्यायला आबा येणार होते, पण त्या दिवशी मोजणी निघाली. कॉलेजच्या नाटकाच्या दिवशी उसाला पाण्याची पाळी आली. दर वेळी आबा म्हणायचे, "एवढं उरकलं की येतोच." ज्ञानेश्वरी म्हणायची, "बरं, आबा." ती कधी रुसली नाही. रुसली असती तर आबांना फार सोपं गेलं असतं.

आता ती दिल्लीत पीएच.डी. झाली होती. पदवीदानाला आई आणि आबा दोघांनी यायचंच, असं तिनं बजावलं होतं. बेलापूर स्टेशनातून गाडीची दोन तिकिटं निघाली. आबांनी सदऱ्याला इस्त्री करून घेतली आणि ओट्यावर नकाशा पसरून अभ्यासाला बसले.

"छबू, इकडं ये. ही पिवळी आपली गाडी. इथं बसायचं. आता पोरीचं म्हननं, पार खाली जायचं, तिथं गुलाबी गाडी धरायची, मग एवढा मोठा वळसा घेऊन वर यायचं. कशापायी? तिकीट वाढवायला! हे बघ, ह्या पिवळ्या टिपक्यापासनं तिचं स्टेशन बोटभर हाय."

छबूबाईंनी चहाचा कप नकाशाच्या कडेला ठेवला. "पन मधी तर काईच न्हाई. पांढरं हाय नुसतं."

"पांढरं म्हंजे पडीक. मोकळं रान. अधेमधे उतरायचं अन् बांधाबांधानं चालत सुटायचं. बेलापूरच्या रस्त्याला आपन न्हाई का जात तसं."

छबूबाईंना दिल्लीत एवढं पडीक रान कसं राहिलं याचं नवल वाटलं. पण नकाशाच्या बाबतीत नवऱ्याला बोलायची घरात पद्धत नव्हती.

रात्रीच्या जेवणाआधी ज्ञानेश्वरीचा फोन आला. "आबा, त्या दिवशी मला सकाळपासून हॉलमध्येच थांबावं लागेल, फोनही बंद असेल. माझी मैत्रीण निकिता तुम्हाला स्टेशनवर घ्यायला येईल."

"कुनी यायचं न्हाई! नकाशा पाठ झालाय माझा. परक्या पोरीला कशाला तरास?"

"आबा, ऐका ना..."

"अगं, आख्ख्या गावाचे बांध दावले मी. मला कोन वाट दावनार?"

"बरं, आबा," ज्ञानेश्वरी म्हणाली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी साखर कारखान्याचा चिटबॉय पुंजाराम फटफटीवरून आला. ऊसतोडीचा नंबर कोणाचा आला, ते सांगणं त्याचं काम. "आबा, पेढे काढा. तुमचा नंबर लागला. परवा टोळी येती."

परवा म्हणजे पदवीदानाचा दिवस. नंबर हुकला की ऊस महिनाभर उभा राहणार आणि वजनाला मार खाणार. आवाज ऐकून कानिफनाथ बांधावरून आले. "सूर्यभान, तू जा पोरीकडं. टोळीच्या मागं मी थांबतो. एक एक मोळी भरून देतो."

माणूस मनापासून बोलत होता. पण आबांना त्यात बांधाचा वास आला. "आपल्या रानात आपनच उभं राहावं," ते म्हणाले. "छबू, तू फुडं हो. मी हितनं फोनवर वाट सांगतो. नकाशा तर माझ्यापाशीच हाय."

अशा रीतीनं छबूबाई लाडवांचा डबा आणि स्वेटर घेऊन एकट्या दिल्लीला निघाल्या. इस्त्रीचा सदरा खुंटीवरच राहिला.

ठरल्या दिवशी उजाडताच टोळी फडात शिरली. आबांनी ट्रॅक्टरच्या बॉनेटवर नकाशा दुमडून अंथरला, चार कोपऱ्यांवर उसाची चार कांडकी ठेवली आणि फोन कानाला लावला. नवल म्हणजे गाडी वेळेवर पोचली होती. छबूबाई विचारत विचारत मेट्रोपर्यंत गेल्या, पिवळ्या गाडीत बसल्या. गाडीत एका मुलीनं उठून त्यांना जागा दिली. तोवर सगळं अगदी नीट चाललं होतं.

"आता फुडल्याला उतर," आबा म्हणाले.

"अवो, पन ही पोरगी म्हनती, तुमचं ठिकान अजून लांब हाय, बसून राहा."

"ती काय नकाशा घेऊन बसली का? उतर म्हनतो ना!"

छबूबाई उतरल्या, सरकत्या जिन्याला नमस्कार करून साध्या जिन्यानं वर आल्या.

"आता मावळतीकडं चालायचं."

"मावळत कोनत्या अंगाला हाय?"

"सूर्य पाठीशी घे. सकाळची वेळ हाय, सोपं हाय."

"सूर्यच न्हाई वो हितं! समदं धुकं हाय. म्होरचा मानूस दिसंना."

याची सोय नकाशात नव्हती. आबांनी दोरा पुन्हा लावला, कागद फिरवून पाहिला, स्वतः बॉनेटच्या दुसऱ्या बाजूला गेले आणि ठामपणे म्हणाले, "डाव्या हाताला."

"आबा, ट्रक मागं घ्यायचाय, तुमचा ट्रॅक्टर आडवा हाय," पुंजारामनं हाक मारली.

"थांब रं! हितं मानूस दिल्लीत आडकलंय!"

छबूबाई डाव्या हाताला चालू लागल्या. थोड्या वेळानं त्यांचा आवाज आला, "अवो, पांढरं कुठं लागंना. रस्त्यामागं रस्ते हायेत. अन् आता ही मोठी भिंत आली."

"कुनाची भिंत?"

"मला काय ठावं? बंदूकवाला उभा हाय."

"त्याला म्हनावं, आमाला नुसतं पलीकडं जायचंय."

छबूबाईंनी म्हणून पाहिलं. बंदूकवाल्यानं लाडवांचा डबा उघडायला लावला, वास घेतला आणि हातानं लांबचा वळसा दाखवला. कार्यक्रमाची वेळ झाली तेव्हा त्या तीच भिंत हाताशी धरून चालत होत्या. आबांच्या कपाळाला थंडीतही घाम आला होता.

"अगं, बोटभरच हाय!" ते ओरडले.

"तुमचं बोट केवढं हाय वो?" छबूबाईंचा आवाज आता रडवेला झाला होता. "पाय गळून गेलं माझं. पोरगी वाट बघत आसंल."

"कुनाला तरी फोन दे," ते हळूच म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी वाट विचारली.

फोनवर एका पुरुषाचा आवाज आला. आबांनी ठिकाण सांगितलं आणि आपल्या हिंदीत विचारलं, "भाईसाब, चालके कितना टाइम लगेगा?"

"पैदल?" तो माणूस दचकलाच. "अंकलजी, वो तो बहुत दूर है! आंटीजी को पैदल भेजा किसने?"

"रिक्षा मिलेगा क्या?" आबांनी घाईनं विचारलं. त्या भल्या माणसानं छबूबाईंना रिक्षात बसवून दिलं. आबा फोन हातात धरून ट्रॅक्टरच्या चाकापाशी बसून राहिले. मधेच आभाळाकडे पाहून ते पुटपुटले, "अजून थोडी कळ काढा देवा, तिचं नाव पुकारू नका." पण दिल्लीतल्या हॉलमध्ये देवाचं काही चालत नसावं.

दुपार कलल्यावर फोन वाजला. ज्ञानेश्वरी होती.

"आबा, आई पोचली. बरी आहे. पाय सुजलेत, गरम पाण्यात ठेवलेत."

"कार्यक्रम?"

"कार्यक्रम संपला होता, आबा. मांडववाले खुर्च्या उचलत होते. पुढच्या दोन खुर्च्या मी धरून ठेवल्या होत्या. ज्ञानेश्वरी सूर्यभान मुसमाडे, असं पुकारलं तेव्हा पहिल्यांदा तिकडेच बघितलं."

आपलं नाव एवढ्या मोठ्या हॉलमध्ये घुमलं आणि ते ऐकायला आपल्या घरचं कुत्रंसुद्धा नव्हतं, याचं आबांना फार वाईट वाटलं.

"मग आईनं मला परत झगा घालायला लावला," ज्ञानेश्वरी सांगू लागली. "स्टेजवर उभं केलं, खाली उभी राहून मोठ्यानं नाव पुकारलं. तुमच्यासकट. मांडववाल्यांनी टाळ्या वाजवल्या. लाडू पण त्यांनीच संपवले."

"माझं चुकलं, बाई," आबा म्हणाले. "पन दोरा बरोबर लावला हुता. दोनदा लावला."

"आबा, त्या नकाशात अंतर नसतंच," ती समजावत म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता आणि आबांना तोच हवा होता. "त्यात एवढंच असतं, कोणाच्या नंतर कोण येतं. बाकी काही मोजायचं नसतं त्यात."

आबा उठून बॉनेटवरच्या कागदाकडे बघत राहिले. कोणाच्या नंतर कोण. आधी मोजणी, मग पाण्याची पाळी, मग ऊस, आणि मग कधीतरी ज्ञानेश्वरी. त्यांनी स्वतःच आखलेली ही लाईन होती, आणि ती त्यांना आजवर वाचता आली नव्हती.

"फुडला कार्यक्रम कधी हाय?" त्यांनी आशेनं विचारलं.

"पदवी एकदाच देतात, आबा." ती हसली. "पण तुम्ही या ना. आई आहेच इथे. कधी येताय?"

"एवढा ऊस गेला की येतोच," आबांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

"बरं, आबा," ज्ञानेश्वरी म्हणाली आणि फोन ठेवला.

आबांनी मान वर केली. समोर फड नव्हता. रान पार कानिफनाथांच्या बांधापर्यंत मोकळं झालं होतं. शेवटचा ट्रक भरून मघाशीच कारखान्याकडे गेला होता. कानिफनाथ दिवसभर टोळीच्या मागं उभे होते, ते आता बांधावर बसून अंगावरची कुसळं काढत होते.

"सूर्यभान, समदा ऊस गेला बग," ते म्हणाले. "तुला दोनदा हाक मारली. तू फोनवर हुतास."