पहिल्या बाटलीचं पाणी

अठ्ठ्याण्णव सालच्या ग्रामसभेत केदारखेड्याचे मच्छिंद्र गुरुजी उभे राहिले आणि त्यांनी जाहीर करून टाकलं, की तपासणीत माझं म्हणणं खोटं ठरलं, तर पाणकणसं मी स्वतःच्या हातानं उपटीन!

भानगड होती विहिरीशेजारच्या वाफ्याची. उकिरड्यांचा पाझर लागून विहिरीच्या पाण्यात नायट्रेट वाढलं होतं. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या गुरुजींनी मग खडी-वाळूचा लांबलचक वाफा करून त्यात पाणथळीत उगवणारी, उंच पात्यांची पाणकणसं लावली. विहिरीचं पाणी एका टोकानं आत सोडायचं. मुळांशी राहणारे सूक्ष्मजंतू नायट्रेट मोडून त्याचा साधा वायू करून टाकतात आणि दुसऱ्या टोकाच्या खड्ड्यात चांगलं पाणी उतरतं. दिसायला मात्र ते सरळसरळ माजलेलं तण होतं, आणि सरपंच काकासाहेबांना तिथं बसायला पार बांधायचा होता.

जालन्याच्या प्रयोगशाळेतून दोन बाटल्या आल्या. नेमकं त्याच दिवशी गुरुजींना परीक्षेच्या कामाला भोकरदनला जावं लागलं. एक नंबरमध्ये विहिरीचं पाणी, दोन नंबरमध्ये खड्ड्याचं, असं त्यांनी चुलतीला, तुळजाबाईंना, तीनदा बजावलं. तुळजाबाईंनी तीनदा मान डोलावली, बाटल्या भरल्या आणि जालन्याच्या एसटीनं रवाना केल्या.

पंधरा दिवसांनी अहवाल आला. गुरुजींनी लखोटा मुद्दाम सभेतच फोडला. पंचेचाळीसच्या वर नायट्रेट म्हणजे धोका, हे आधी सगळ्यांना समजावलं आणि मग वाचलं. पहिली बाटली, बारा. दुसरी बाटली, बारा. गुरुजींचा चेहरा पुसलेल्या फळ्यासारखा झाला.

"म्हंजी विहीर पहिल्यापासूनच चांगली," काकासाहेब सावकाश म्हणाले. "मंग गुरुजी, आज उपटता का उद्या?"

तेवढ्यात तुळजाबाईंनी पदर सावरला आणि दोन्ही बाटल्या आपण खड्ड्यातूनच भरल्याचं सहज सांगून टाकलं.

"काकू, तीनदा सांगितलं होतं न मी?"

"सांगितलं व्हतं की. पण तपासणारं बी कुणाचं तरी लेकरूच असंल न? त्यानं घोटभर पेऊन पाह्यलं असतं, मंग? दोन महिन्यांपासून म्या खड्ड्याच्या पाण्यात डाळ शिजवून राह्यले. आन् परक्याला इहिरीचं घाण पाणी धाडू?"

सभा हसून हसून मोडली. काकासाहेबांनी आणखी एक संधी दिली.

या खेपेला गुरुजींनी बाटल्या स्वतः भरल्या. बुचावर लावायची लाख आणायला तेवढे बाटल्या अंगणात ठेवून घरात गेले, परत येऊन बुचं पक्की केली आणि स्वतःच जालना गाठलं. विहीर शहाण्णव, खड्डा अकरा! वाफा वाचला. पार त्याच्याच कडेला बांधायचं ठरलं, पाणकणसांच्या गारव्यात.

अहवालाच्या तळाशी मात्र एक शेरा होता: 'बाटली क्रमांक एकमध्ये तुळशीची दोन पाने आढळली. कृपया टाकू नयेत.'

गुरुजी कागद घेऊन तडक घरी गेले. तुळजाबाई डाळ घोटत होत्या.

"काकू, दुसऱ्या बाटलीत का नाही टाकली?"

"तिला कशाला?" त्यांनी रवी झटकली. "ते पाणी चांगलंच हाय की."