सदूअण्णांचं म्यान

समोरच्याकडे तिकीट नाही, असं धरूनच सदूअण्णा त्याच्याशी बोलायला सुरुवात करायचे. मुरबाड–धसई गाडीवर जन्मभर कंडक्टरकी केलेला माणूस. रिटायर होऊन काही वर्षं झाली, एसटीत तिकिटाची मशीनं आली, तरी तिकिटं टोचायचा जुना चिमटा त्यांच्या खिशात असायचाच. अंगणात कुणी पाय टाकला की ते ओटीच्या खांबावर चिमटा टकटक वाजवत आणि विचारत, "कुठून आला? कुठं जायाचं?" मी त्यांचा शेजारी, मधे फक्त एक कुडाचं कुंपण. तरी मला रोज सांगावं लागायचं, की घरून आलो आणि घरीच जायचंय.

त्यांचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. दूधवाल्याच्या मापावर नाही, रेडिओवरच्या वेळेवरही नाही. लग्नात पंगतीला बसले तरी चपला मांडीखाली. एकदा आमच्या सामाईक बांधावर त्यांनी चुन्याची रेघ मारली. ती पावसात धुऊन गेली, तेव्हा "पुसली कोनी?" म्हणत आठवडाभर माझ्याकडे बघत राहिले. माझी पिठाची गिरण, त्यामुळे माझे हात कायम पांढरे. तेवढा पुरावा त्यांना पुरला.

तर असा माणूस एके दिवशी गिरणीत आला आणि म्हणाला, "बाळ्या, जुनं चामडं हाय का रे?"

"कशाला, अण्णा?"

"पयलं दे, मंग इचार."

मी गिरणीच्या जुन्या पट्ट्याचा तुकडा दिला. दुसऱ्या दिवशी तो परत आला. "लय जाड. चिमटा आत जात नाय." मग लोकांच्या तुटक्या चपला मागून झाल्या. शेवटी दळणाला आलेल्या एका पाहुण्याच्या कमरपट्ट्याकडे ते एकटक बघायला लागले, तेव्हा मला राहवेना.

"अण्णा, करताय तरी काय?"

"म्यान," ते हळूच म्हणाले. "कोनाला बोलू नको."

गिरणीवाल्याला असं सांगणं म्हणजे दवंडी पिटणंच. संध्याकाळपर्यंत बातमी धसईच्या बाजारात पोचली.

म्यान कशासाठी? आमच्याकडे कोयता कमरेच्या आकडीला उघडाच लटकतो. त्यात मी कुंपणाच्या फटीतून अण्णांना मापाचा कागद कापताना पाहिलं होतं. गिरणीच्या फळीवर सांडलेल्या पिठात मी तो आकार बोटानं काढून दाखवला. पोटाशी वाकडा, टोकाला रुपयाएवढा गोल. आम्ही चार बाप्ये डोकं लावून बसलो.

"कोयता नाय," एक म्हणाला.

"सुरा पन नाय."

तिसरा म्हणाला, "पन बाळूभाऊ, त्यांचा न् तुमचा बांध एकच ना?"

त्यात बायकोनं कानावर घातलं, की अण्णांच्या बायकोच्या, यमूकाकीच्या बोटांना रोज नवी चिंधी असते. मी परसात जाताना आधी खोकून जायला लागलो.

आणि एका सकाळी अण्णांच्या ओटीवरची खुंटी रिकामी दिसली. तिथे त्यांची कंडक्टरकीची चामडी पिशवी टांगलेली असायची. धूळ झटकायलासुद्धा ते तिला कुणाला हात लावू देत नसत. आता ही चोरी माझ्यावर येणार, याची मला खात्री पटली. त्यांनी बोलावण्याआधी आपणच गेलेलं बरं, म्हणून गेलो.

अण्णा आत चुलीपाशी बसले होते. पिशवी कापून तिचे तुकडे पुढ्यात पसरलेले. एका तुकड्याच्या कडेनं ते चिमट्यानं भोकं पाडत होते आणि त्यातून दोरा ओवत होते. शेजारी पाटावर विळी. वाकडं पातं, टोकाला नारळ खवायचा गोल दातेरी तुकडा. आमच्या चौघांच्याही घरात रोज वापरली जाणारी वस्तू, आणि एकालाही ओळखता आली नव्हती.

मी हसलो. "अण्णा, विळी कोण चोरणार?"

ते हसले नाहीत. परसाकडे बघून घेतलं आणि म्हणाले, "यमूला दिसत नाय रे. काचबिंदू. कल्याणचा डागदर बोल्ला, गेली ती नजर येत नाय. ती कबूल करत नाय, बोलते थोडं धुरकट हाय. विळी घ्यायला हात घालते न् बोट कापून घेते."

"मुलाला कळवलंत?"

"कळलं तर वाशिंदला नेल, बिल्डिंगमंदी. तिकडं तिला विळीला शिवू देनार नाय. नुसती बसून राहील. रविवारी येतोय तो. तवर बोटं बरी व्हायला पायजेत."

मी काही बोलणार, इतक्यात काकी शेवग्याच्या शेंगा घेऊन आली. अण्णांनी घाईघाईनं दोऱ्याला गाठ मारली, विळी दुमडली, पात्यावर म्यान चढवलं आणि विळी कोपऱ्यात नेहमीच्या जागी ठेवली. काकी भिंतीला हात लावत तिथे गेली, वाकली. बोटं चामड्याला लागली आणि थांबली.

"ह्ये काय घातलंत?"

"म्यान. चोर लय झालेत," अण्णा म्हणाले. "ह्या बाळ्याचा मला भरवसा नाय."

"खरंय काकी," मी म्हणालो. "मीच नेणार होतो."

काकी कडेच्या भोकांवरून बोट फिरवत राहिली. मग म्यान काढून नाकाशी नेलं.

"तुमची पिशवी ना ही?"

"नाय गो. गिरनीतलं जुनं चामडं."

म्यान मांडीवर ठेवून ती विळीवर बसली आणि शेंगा चिरायला लागली. अण्णा तिच्या बोटांवरून नजर काढत नव्हते. सगळ्या शेंगा चिरून होईपर्यंत काकीनं ते म्यान मांडीवरून खाली ठेवलं नाही.