गणपतीखालची रेकॉर्ड

आमच्या घरात माझ्या रेकॉर्डना कोणी बोटही लावत नाही, असे मी आमच्या प्रयोगशाळेत अभिमानाने सांगत असे. जुन्या जॅझच्या या तबकड्या मी उभ्या ठेवते, उन्हापासून लांब ठेवते, कडेला धरूनच उचलते. सासूबाईंच्या देव्हाऱ्यालाही इतके सोवळे नाही.

सत्त्याण्णव सालच्या गणपतीत हा अभिमान उतरला.

माझ्यासारखेच जुन्या रेकॉर्ड जमवणारे देवळालीचे पेस्तनजी मुलीकडे परदेशी कायमचे निघाले होते. तीन रेकॉर्डच्या एका संकलनातली पहिली आणि दुसरी त्यांच्याकडे होती, तिसरी माझ्याकडे.

"संच पुरा होत असेल तर माझ्या दोन्ही तुम्हाला देऊन टाकीन," ते फोनवर म्हणाले. "पण तिसरी आधी डोळ्यांनी बघणार. नाहीतर मुंबईचा एक माणूस मागे लागलाय."

रविवारी यायचे ठरले. मी तिसरी पुसून, प्लेअरवर लावून, झाकण घालून ठेवली.

शनिवारी चतुर्थी. पाण्याची तपासणी सण पाळत नाही, म्हणून मी कामावर गेले. संध्याकाळी परतले तर बाहेरच्या खोलीत आमचा गणपती गरागरा फिरत होता. माझ्या प्लेअरवर. माझ्या रेकॉर्डवर. वाहिलेल्या दूर्वा सुटून सोफ्यावर पडल्या होत्या, आणि एक मोदक टीव्हीखाली पोचला होता.

"कसं हाय?" सासऱ्यांनी विचारले. अण्णांनी जन्मभर सायखेड्याला झेंडू पिकवला. यंदा कॉलनीच्या आरास स्पर्धेत नंबर काढायचाच, असा त्यांचा पण होता. "चारी बाजूंनी दर्शन. लोकांनी प्रदक्षिणा घालायला नको."

"अण्णा, मिनिटाला तेहतीस फेऱ्या होतात. देवाला चक्कर येईल."

"मग जरा हळू कर की."

"त्याच्याखाली माझी रेकॉर्ड आहे."

"पाट म्हणून लय चांगली बसली. शाडूनं चिकटवलीय मूर्ती, पडायची नाय."

मी हात पुढे केला, तशा सासूबाई आडव्या आल्या. "हात लावू नको, साधना. प्राणप्रतिष्ठा झालीय. अनंत चतुर्दशीपर्यंत जागचा हलवायचा नसतो."

"आई, तो सकाळपासून हलतोच आहे."

"हलत नाय, फिरतोय," अण्णा म्हणाले. "जागा सोडली का त्यानं?"

भौतिकशास्त्राच्या दृष्टीने हे अगदी बरोबर होते. त्यामुळे माझा संताप दुप्पट झाला.

रविवारी पेस्तनजी आले. पांढरा डगला, काळी टोपी, काखेत कापडी पिशवी. अण्णांना वाटले, स्पर्धेचे परीक्षकच. त्यांनी त्यांना समोरच्या खुर्चीत बसवले, हातात मोदकाची बशी दिली आणि बटण दाबले.

पेस्तनजींनी बशी बाजूला ठेवली आणि माझ्याकडे वळले.

"बाई, तिसरी कुठे?"

"हीच. गणपतीच्या खाली."

"काढून दाखवा ना."

मी नियम समजावला. फिरणे चालते, हलवणे चालत नाही, हेही सांगितले, आणि सांगताना माझी मलाच लाज वाटली. मुंबईचा तो माणूस मला स्पष्ट दिसू लागला.

पेस्तनजींनी बटण बंद करायला लावले. मग गुडघे टेकून, चष्मा पुढे-मागे करत, मूर्तीभोवतीचा काळा भाग आणि लेबलाची दिसणारी कड त्यांनी इंच इंच न्याहाळली.

"लय बारीक तपासतोय गडी," अण्णा सासूबाईंच्या कानात म्हणाले. मग मोठ्याने, "कसं वाटलं, साहेब?"

"एकदम झकास. कुठे काही खोट नाही."

अण्णांनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिले.

पेस्तनजी उठले. त्यांनी पिशवीतून दोन्ही रेकॉर्ड काढल्या आणि वडीलधारे म्हणून अण्णांच्या हातात ठेवल्या. "तुमच्या घरात वस्तू देवासारखी सांभाळतात. आता मला काळजी नाही."

संच पुरा झाला. मी त्यांना फाटकापर्यंत सोडले आणि जवळजवळ धावतच परत आले.

अण्णांनी तोवर दोन्ही तबकड्या पाकिटांतून बाहेर काढल्या होत्या. अंगठे बरोबर खाचांवर.

"दोन हायेत," ते म्हणाले.

"बरं झालं," सासूबाई म्हणाल्या. "परवा गौरीही दोनच येतात."

"पण प्लेअर एकच आहे," मी घाईने म्हणाले.

 अण्णा स्वयंपाकघरातल्या मिक्सरकडे बघत होते.